धक्का न लागलेला माणूस

ती घटना आठवली की आजही पायाखालची जमीन किंचित फिरल्यासारखी वाटते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळा सरत आला होता. सकाळी नदीवर असं धुकं बसायचं की पलीकडे काठ आहे की नाही, अशी शंका यावी. अशाच एका सकाळी, कारधा गावाच्या बऱ्याच वरच्या अंगाला, डोंग्यातून पलीकडच्या शेतावर जाणारा एक शेतकरी पाण्यात पडला आणि बुडाला.

डोंग्यात तिघे होते. पुढच्या टोकावर बांबू धरून नावाडी. मागच्या टोकावर तो शेतकरी, उभा. मधल्या भागात, पण जरा मागे सरकून, त्याचा धाकटा भाऊ पुढे तोंड करून बसलेला. पुरात वाहत आलेला ओंडका डावीकडून डोंग्याच्या पुढच्या टोकावर आदळला आणि थोरला पाण्यात गेला, असं नावाड्यानं सांगितलं. मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, अपघात नोय तो. बांधाच्या भांडनापायी दोघं भाऊ वरीसभर बोलत नोयते. धाकट्याले विचारा."

मी नावाड्याला आणि धाकट्याला बोलावून वेगवेगळे जबाब घेतले. नावाडी म्हणाला, धक्का इतका जबर होता की तो डावीकडे गुडघ्यावर आपटला. गुडघा सोललेला होताच. धाकटा मात्र खाली मान घालून म्हणाला, "धक्का लागलाच नाई साहेब."

"एवढा ओंडका आदळला आणि तुला कळलं नाही?"

"काठ फिरला, साहेब. झाडं हळूहळू सरकून राहिली होती. मले वाटलं, डोळा लागून राहिला. मंग पान्याचा आवाज आला."

मी टेबलावर हात आपटला. "खोटं बोलतोस!"

धुक्यातली झाडं अजून सरकताहेत, अशा नजरेनं तो भिंतीकडे बघत राहिला.

माझं गणित सोपं होतं. ओंडक्यानं डोंगा उजवीकडे ढकलला, म्हणून नावाडी डावीकडे पडला. मग थोरला उजवीकडे कसा पडला? नावाडी शपथेवर सांगत होता की उजवीकडेच पडला. म्हणजे त्याला कुणीतरी ढकललं, आणि हात पोहोचेल एवढ्या अंतरावर एकच माणूस होता. मी गुन्हा दाखल केला, धाकट्याला अटक केली. न्यायालयानं दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. ते दोन्ही दिवस तो तेच वाक्य सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयताची बायको ठाण्यात आली. मला वाटलं, दिराविरुद्ध जबाब द्यायला आली असेल.

"माह्या दिरानं ढकललं, असं कोन म्हनते साहेब?"

"त्याचा जबाबच पटत नाही, बाई. धक्का लागला नाही म्हणतो."

"बराबर म्हनते तो. तलावात शिंगाडे काढन्यात माहा जलम गेला. डोंगा नाकाजवळ ठोकला का शेपूट उलटी पळते. शेपटीवर उभा मानूस पडतेच. अन् मधातल्या एका जागी बसनाऱ्याले काईच समजत नाई."

"तुमचा माणूस गेला, तरी तुम्ही त्याची बाजू घेता?"

"बाजू कायची साहेब? ते बोलत नोयते, हे बी खरं. अन् हे बी खरं."

त्या रात्री... नाही, रात्रीपर्यंत मी थांबलोच नाही. पंच बोलावले, तोच डोंगा पाण्यात उतरवला. माणसांच्या जागी त्यांच्या वजनाची वाळूची पोती ठेवली. तळाशी फळी टाकून तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळेचे पाच लोटे मांडले, काठोकाठ भरून. दुसऱ्या डोंग्यातून ओंडका आणला आणि डावीकडून पुढच्या टोकावर आदळवला.

डोंगा जणू झोपेत कूस बदलावी तसा फिरला. पुढच्या लोट्यातलं पाणी डावीकडे सांडलं. शेवटच्या लोट्यातलं उजवीकडे. आणि धाकटा बसला होता तिथला लोटा, मागून दुसरा, काठोकाठ तसाच होता. पाणी नुसतं थरथरलं. त्यात ढग दिसत होते.

आम्ही आणखी दोनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच झालं.

मोकळा डोंगा कशालाही बांधलेला नसतो. मधोमध ठोकला तर सरळ सरकतो. टोकाला ठोकला तर सरकतोही आणि फिरतोही. मागच्या टोकाला फिरणं सरकण्यापेक्षा जास्त भरतं, म्हणून ते उलट जातं, आणि त्यावर उभ्या माणसाचे पाय निसटतात. मधे, जरा मागे, एका जागी मात्र सरकणं आणि फिरणं एकमेकांना खोडून काढतात. तिथं बसलेल्याला फक्त जग फिरताना दिसतं.

पंचनामा केला, सुटकेचा अहवाल न्यायालयात पाठवला. धाकटा सुटला, पण घरी जाईना. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला. वहिनी आली.

"चाला घरी, भाऊजी."

"वयनी, धक्का लागला असता तं मी मागं पाह्यलं असतं," तो म्हणाला. "बोलत नोयतो ना आमी. म्हनून पाह्यलंच नाई."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

पुढे निवृत्त होईपर्यंत, दोन जबाब जुळले नाहीत की खोटारडा शोधण्याआधी मी प्रत्येकाला एकच विचारायचो: तू नेमका कुठं बसला होतास? तेवढं मी शिकलो. एक राहून गेलं. दोन दिवस मी त्या माणसाला खोटारडा म्हणत होतो. तो पायरीवरून उठून निघाला तेव्हा मी दारातच उभा होतो. त्याची माफी मागायला हवी होती. गणवेशात ते जमलं नाही. आज इथं मागतो.