आबांनी उकरलेला तंटा

मारुतरावांना गावात कोणी मारुतराव म्हणत नाही. तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद अंगावर आल्यापासून ते सगळ्यांचे आबा झाले, अगदी त्यांच्याहून वयानं मोठ्या माणसांचेसुद्धा. मांडवगण फराट्याच्या अलीकडे, भीमेच्या काठाला त्यांचं गाव. ऊस, कांदा आणि शेवंती यांच्यावर चालणारं. अशा गावात भांडायला कारणं शोधावी लागत नाहीत. कोणी बांध कोरतं, कोणी मोटारीची वायर तोडतं, कोणाच्या आंब्याची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते. शिरूरला कोर्टाच्या खेपा घालून चपला झिजवण्यापेक्षा माणसं आबांकडे येत. नदीपलीकडून, दौंडच्या बाजूनेही कोणी पाहुण्यांची ओळख काढून यायचं.

आबांची एक ठरलेली रीत होती. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं आणि प्रत्येकानं आधी स्वतःची चूक सांगायची. "दुसऱ्याची चूक सांगायला समिती कशाला? त्याला पार हाय की," असं ते म्हणत. मग दोघांची थोडीथोडी चूक पदरात पडली की आबा मान हलवून म्हणणार, "एका हातानं टाळी वाजत न्हाई, बाबांनो." मग गळाभेट, एकेक नारळ, चहा. आणि शेवटचा नियम सगळ्यात कडक. एकदा मिटलेलं परत उकरायचं नाही. जो उकरेल तो दोषी.

रीत वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक आबांना उगीच नावं ठेवायचे. बांधाला खरंच दोन बाजू असतात. दोन शेतकऱ्यांनी एकेक वीत माघार घेतली तर बांध सरळ होतो. या रीतीनं किती सख्खे भाऊ पुन्हा एका ताटात जेवायला लागले. आबांना याचा अभिमान होता, आणि तो त्यांना शोभतही होता. आपल्या हाताखाली एकही तंटा लोंबकळत राहिला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचे.

मग साईची गोष्ट आली.

साई हा भारतचा मुलगा, आठवीतला. घरची दीड एकर शेवंती. पहाटे आजीबरोबर, म्हणजे रतनबाईबरोबर, फुलं तोडायची आणि मग शाळेची बस गाठायची, असा त्याचा दिवस. अंगाला शेवंतीचा वास असायचा आणि बोटं हिरवी-काळी. बसमध्ये मागच्या बाकावरच्या पोरांनी त्याला 'फुलवाली' म्हणायला सुरुवात केली. मग त्याचं दप्तर या हातातून त्या हातात फिरायला लागलं. मग त्याला बसू द्यायचं नाही, मधल्या वाटेत उभं ठेवायचं, आणि बसनं ब्रेक मारला की मागून मानेवर टपली. या पोरांचा म्होरक्या होता सत्यजीत. आबांचा नातू, एकुलता एक.

शाळेतल्या सारिका मॅडमच्या हे लक्षात आलं, कारण उकाड्यातसुद्धा साई शर्टाची कॉलर वर करून बसायचा. त्यांनी त्याला एकट्याला बोलावून हळूहळू सगळं काढून घेतलं आणि सत्यजीतच्या घरी फोन केला. फोन आबांनीच घेतला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत हजर.

"मॅडम, गावातलं भांडान हाय, गावातच मिटवू," आबा म्हणाले. "नातू माझा हाय म्हणून तर न्याय चोख व्हनार. काळजी करू नका."

"आबा, हे भांडण नाही. यांना समोरासमोर बसवू नका, एवढं ऐका. मी एकेकाशी बोलते," मॅडम म्हणाल्या.

आबा हसले. काल नोकरीला लागलेल्या मॅडम, त्यांना काय माहीत गावाची रीत!

बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरली. नातवाला आबांनी सगळ्यांदेखत झाप झाप झापलं, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. याला म्हणतात न्याय. सत्यजीतनं खाली मान घालून "चुकलं" म्हटलं. मग आबा साईकडे वळले, मायेनंच. "आता तू सांग, बाळा. तुझी काय चूक झाली?"

साई गोंधळला. त्याला चूक सापडेना. सगळा हॉल वाट बघत होता, बाप वाट बघत होता, आणि नियम तर नियम. शेवटी तो म्हणाला, "मी... दप्तर सोडलं न्हाई. घट धरून ठिवलं."

"बघा," आबा म्हणाले, "एका हातानं टाळी वाजत न्हाई."

दोघांची गळाभेट झाली. साईच्या हातात नारळ आला. फोटो निघाला आणि चहा संपायच्या आत गावच्या ग्रुपवर पडला. त्यावर हात जोडलेल्या खुणांचा पाऊस. आबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

बसमध्ये मात्र पोरांना रान मोकळं झालं. आधी निदान साई सांगेल ही धास्ती होती. आता तीही गेली. "मिटलंय ना? मग आता बोलला तर तूच तंटा उकरला, तूच दोषी," सत्यजीत म्हणायचा. आजोबांचा नियम नातवाला तोंडपाठ होता. मिठी मारलेला फोटो फोनमध्ये दाखवून पोरं 'नवरा-नवरी' म्हणत आणि मग ब्रेक, मग टपली. साईनं घरी एक शब्द काढला नाही. मिटलेलं कसं काढायचं? त्याचं पोट दुखायला लागलं, मग जेवण तुटलं. एक दिवस बस गेली आणि तो शेवंतीच्या सरीत दप्तर उशाला घेऊन आडवा पडलेला सापडला. आजीनं कॉलर खाली केली, तर मानेवर बोटांचे वळ. भारत घाबरला. त्यानं मेव्हण्याला फोन लावला आणि ठरवून टाकलं. पोराला भांडगावला मामाकडे ठेवायचं. तिथली शाळा, तिथलंच राहणं. घर सुटेल, आजी सुटेल, पण निदान जेवेल तरी.

हे ठरलं त्या संध्याकाळी रतनबाई आबांच्या ओसरीवर आल्या. पदराखालून नारळ काढून त्यांनी आबांच्या पुढ्यात ठेवला. तोच बैठकीतला, न फोडलेला.

"ह्यो तुमचा परत घ्या, आबा."

समितीचा नारळ परत करणं म्हणजे समेट नाकारणं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आबांचा चेहरा उतरला. "रतनबाई, मिटलंय ते. उकरू नका."

"तुमचं मिटलं. लेकराचं कवा मिटलं?" रतनबाई उभ्याउभ्याच बोलत होत्या. "टाळीला दोन हात लागत्यात, ही तुमची बात खरी हाय. पन टपलीला एकच पुरतो, आबा. माझ्या नातवाची मान येऊन बघा. त्यो कोनाचा हात हाय ते तुमाला ठाव हाय."

एवढं बोलून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या वळून गेल्या. चहाला थांबल्या नाहीत.

आबा नारळाकडे बघत राहिले. मग त्यांनी घरात वळून बायकोला विचारलं, "तुला काय ठाव हुतं का?"

तुळजाबाई जात्याच कमी बोलणाऱ्या. पण आज बोलल्या. "आपला पोरगा फोनवर मित्रांशी साईवरनं हसत हुता, तवाच मी तुमाला सांगाया आले हुते. तुमीच म्हनला, मिटलंय, आता त्यो इषय बंद."

आबांना तो दिवस आठवला. पेपर वाचता वाचता, मान वर न करता, ते तसं म्हणाले होते. साईचं तोंड त्यांनी बंद केलं होतं, ते केलंच, वर स्वतःच्या बायकोचंही केलं होतं. माणूस भल्या हेतूनं किती नुकसान करू शकतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून बरं.

त्यांनी सत्यजीतला हाक मारली. तो आला, कानातली वायर काढत. "मस्करी हुती, आबा," तो म्हणाला.

"मस्करीत दोघं हसत्यात. साई हसला का कवा?"

पोरानं खांदे उडवले. ते बघून आबांच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यांचा हात उठला. थेट पोराच्या मानेकडे.

"हां, द्या," तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हंजी कुठनं शिकला ते तरी कळंल."

हात तिथंच थांबला. आबांनी तो हळूच खाली घेतला. आयुष्यभर त्यांनी गावातल्या पोरांना, गड्यांना, स्वतःच्या मुलाला लाडानं आणि रागानं टपल्याच तर मारल्या होत्या. ते मटकन खाटेवर बसले. सत्यजीत मार चुकला म्हणून सुटल्यासारखा दिसला नाही. उलट पहिल्यांदाच घाबरलेला दिसला, कारण आजोबांना असं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी दंव वाळायच्या आत आबा भारतच्या रानात गेले. साई फुलं तोडत होता. त्यांना बघून पोरगा दचकला आणि बादली घेऊन दुसऱ्या सरीत सरकला. आबा त्याच्या मागं गेले नाहीत. बांधावर बसले आणि म्हणाले, "साई, मी चूक इचारायला आलो न्हाई. तुझी काई चूक नव्हती. चूक माजी झाली. तुला काय पायजे, एवढंच सांग. नसंल सांगायचं तर नको सांगूस."

बराच वेळ नुसती फुलं बादलीत पडत होती. आबांना गप्प बसायची सवय नव्हती, पण त्या दिवशी बसले.

"मला त्याला मिठी मारायची न्हवती," साई शेवटी म्हणाला.

एवढ्या माणसांत, फोटोसाठी, आबांनी या पोराला ज्याचा मार खाल्ला त्याच्याच गळ्यात घातलं होतं.

"आन् बसमधी कुनीतरी मोठं मानूस पायजे. ड्रायव्हर मामा पुढं बगत्यात."

आबांनी भारतचे हात धरले. भांडगावला पाठवायचं ते दिवाळीपर्यंत थांबव, त्यानंतर तुला वाटेल ते कर, म्हणाले. भारत कबूल झाला, पण मनापासून नव्हे. त्याची तरी काय चूक? एकदा विश्वास ठेवून बघितलाच होता.

मग आबांनी जे केलं ते गावात कधी घडलं नव्हतं. समितीच्या पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "साईच्या बाबतीत मी केलेला समेट मी मोडतो. ते भांडान नव्हतं. एकजन मारत हुता, एकजन खात हुता, आन् मी दोघास्नी सारखं तोललं. मीच उकरतोय, काय दोष द्यायचा त्यो मला द्या." दोन जण कुजबुजले की आबांचं वय झालं. ते खोटंही नव्हतं.

मॅडमकडे जाताना आबांची पावलं जड झाली होती, पण मॅडमनी टोमणा मारला नाही. पोरांच्या आईबापांना त्यांनी एकेकट्यानं बोलावलं. फोटो ग्रुपवरून काढायला लावला. साईची जागा ड्रायव्हरच्या मागे पक्की केली. प्रांजल नावाची एक धीट पोरगी होती, जी रोज हे बघून खिडकीबाहेर तोंड करायची. मॅडमनी तिला विचारलं, तेव्हा ती रडली आणि उद्यापासून साईशेजारी बसते म्हणाली. बसली. तिचं बघून आणखी एक-दोघं बसली. टपली मारणाऱ्याला बघे लागतात, आणि बघेच उठून गेले की हात आपोआप गार पडतो.

आणि मोठं माणूस? ते आबाच झाले. रोज धुवट धोतर, टोपी, आणि सकाळी शाळेच्या बसमध्ये मधल्या वाटेजवळच्या बाकावर. शाळेत पोहोचवायचं, आणि संध्याकाळी परत आणायचं. गावानं थट्टा सोडली नाही. "आबा आठवीला बसले," "आबा, गृहपाठ झाला का?" पारावर दुसरा विषयच नव्हता. आबा म्हणायचे, "नापास झालो हुतो, परत बसलोय." सत्यजीतला ते शेजारी बसवायचे. पहिले दिवस तो शरमेनं लाल व्हायचा. आबा त्याला बोल लावत नव्हते आणि माफी माग म्हणूनही मागे लागत नव्हते. घरी मात्र रोज विचारायचे, आज कोणाशी कसा वागलास. मान वर करून, पेपर बाजूला ठेवून.

सत्यजीतनं माफी मागितली ती आपणहून, दसऱ्याच्या आसपास, बसमधून उतरताना. साईनं ऐकून घेतलं आणि पुढे चालू लागला. दिवाळी झाली. साई भांडगावला गेला, पण मामाकडे भाऊबीजेला, आणि आईबरोबर परतही आला. भारतनं पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी सत्यजीतनं आजोबांच्या कानाशी लागून विचारलं, "आबा, आता तरी मिटलं का?"

"मला काय इचारतो? माज्या हातात न्हाई ते."

तरी म्हाताऱ्याला राहवलं नाही. जन्मात एकही तंटा लोंबकळत ठेवला नाही, त्या माणसाचा जीव आतून तडफडत होताच. बस शाळेपाशी थांबली, पोरं उतरायला लागली, तसं त्यांनी साईला हलक्या आवाजात विचारलं, "बाळा, मिटलं का रं?"

साईनं विचार केला. प्रांजल खालून हाका मारत होती. त्यानं कॉलर सरळ केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "न्हाई, आबा. अजून न्हाई."

"बरं," आबा म्हणाले, आणि त्याला उतरायला वाट करून दिली.