वाघोबाजवळ तापलेलं चाक

बायको गेली त्या साली मी देवाशी बोलणं टाकलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, वाद घालता येत नाही, पण हट्ट धरता येतो. तिला वाचव म्हणून हात जोडले होते. त्यानं ऐकलं नाही, तर आता मीही हात जोडणार नाही, असं ठरवलं आणि दोन वर्षं पाळलं.

माझी ट्रॅक्टरची ट्रॉली तीस वर्षांची. तिला जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल मी स्वतः बसवला, ब्रेकसकट. बेरिंग, ग्रीस, लायनर, सगळं माझ्याच हातचं. पान्याला पाईप घालून चाकाच्या बेरिंगचा नट आवळायचो आणि खोडाळ्याच्या बाजारात सांगायचो, "मी आवळलेला नट दुसऱ्याला सुटणार नाय." ही मडगार्डवर बसलेली असायची. तोंडाला पदर लावून म्हणायची, "नट राहू द्या, तुमचा ताठा कधी सुटायचा?"

घाटाच्या तोंडाशी वाघोबा देवाचा दगड आहे. येणारा-जाणारा तिथं हिरवी डहाळी ठेवतो. ती दर खेपेला ट्रॅक्टर थांबवायला लावायची. डहाळी ठेवायची आणि नागली कशी आली, पोरगी सासरी कशी आहे, सगळं त्या दगडाला सांगत बसायची. अर्धा तास सहज जायचा. मी बिडी ओढत कुरकुरायचो. माझ्या जन्मातला तो सगळ्यात चांगला वेळ होता, हे तेव्हा कुठं कळलं!

ती गेल्यावर मी घाट उतरलोच नाही. गेल्या साली पाड्यावरच्या बायका बोहाड्याची, देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात ती सोंगं बघायला निघाल्या, त्यांत माझी मेव्हणीही होती. नाही म्हणता येईना. आदल्या दिवशी बेरिंगं आवळली, ब्रेक जुळवले. दुपारी वाघोबापाशी आलो आणि न थांबता पुढं काढणार, तोच मेव्हणी मागून ओरडली, "भावजी, देवाशी भांडण तुमचं! आमचं बरं चाललंय. थांबवा!"

बायका हसल्या. चिडून ब्रेक दाबला.

तिथं सावलीत एक अनोळखी म्हातारा बसला होता, दाभोशाकडचा, पायी लेकीकडे निघालेला. जळका वास आला तसा तो उठला, डाव्या चाकाच्या हबाला बोट लावलं आणि झटकन काढलं. "दादा, हे जळतंय."

त्याची सगळी उमर भिवंडीत ट्रेलरच्या गॅरेजात गेलेली. जॅक लावला. नट सोडवायला आम्ही दोघं पाईपला लोंबकळलो. बेरिंग निळं पडायला लागलं होतं. ग्रीस पातळ होऊन ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. उतारावर तो ब्रेक धरलाच नसता. ट्रॉलीत अकरा बायका आणि दोन तान्ही लेकरं.

"एवढं कोणी आवळलं? बेरिंगला फिरायला जागाच नाय."

"मी. तीस वर्षं असंच आवळतो."

"मग तीस वर्षं जळलं कसं नाय? घाटाआधी कुठं थांबत होता काय?"

थांबत होतो. ती थांबवत होती. तिचं दगडाशी बोलून होईतो चाक निवत होतं, आणि मी समजत होतो की माझ्या हाताला यश आहे.

म्हाताऱ्यानं माझ्या हत्यारांच्या पेटीतलं पेट्रोल घेऊन लायनर पुसले, नवं ग्रीस भरलं. "चाक फिरवत आवळ. बसलं की किंचित मागं सोड. मग पिन घाल." दुसरं चाकही सैल करून दिलं. बायकांना पायी घाट उतरायला सांगितलं आणि काठी घेऊन आपल्या वाटेनं गेला. मेव्हणी म्हणते, वाघोबाच आला होता. मला माहीत नाही. त्याच्या नखांत ग्रीस होतं. मी मात्र त्या दगडापुढं हात जोडले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. रिकामी ट्रॉली पहिल्या गिअरात खाली आणली.

आता नट मागं सोडताना अजून हाताला भीती वाटते. चाक हलेल, निघेल, असं मन म्हणतं. तरी सोडतो. तेवढी जागा माझी नाही, देवाची आहे.