मामांची थंडरबर्ड शोधत किंगमनपर्यंत

विकलेली गाडी परत घ्यायची असं मामांनी ठरवलं, म्हणून ही ट्रिप झाली. मी अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरला एका कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत नोकरी करतो. आईचे धाकटे भाऊ अरुणमामा इथेच, जवळच्या घरात एकटे राहतात. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मामांना स्ट्रोक आला. ते रीहॅबमध्ये असताना त्यांचा मुलगा रोहन सनीव्हेलहून आला, त्याने घर आवरलं आणि गॅरेजमधली सहासष्ट सालची थंडरबर्ड, मामांची जुनी अमेरिकन मोटार, परस्पर विकून टाकली. "जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका कलेक्टरने घेतली, डॅड. ही विल टेक केअर ऑफ इट," असं त्याने नंतर फोनवर सांगितलं.

हातात थोडी ताकद आल्यावर मामा मला म्हणाले, "किंगमनला थंडरबर्डवाल्यांचा मेळावा असतो. तो कलेक्टर असेल तर तिथे येईलच. नेशील मला?"

शनिवारी सकाळी लवकर निघालो. कोणी जाणार असेल तर सांगतो, फिनिक्सची गर्दी सुरू व्हायच्या आत शहराबाहेर पडा. फ्लॅगस्टाफपर्यंत सगळा चढ आहे. सग्वारोचे उंच काटेरी निवडुंग मागे पडतात, हळूहळू पाइनची झाडं दिसायला लागतात आणि एसी बंद करून काचा खाली करता येतात. पेट्रोल फ्लॅगस्टाफलाच भरून घ्या. सेलिगमनला हायवे सोडून आम्ही जुना रूट ६६ धरला. त्या रस्त्यावर पंप फारसे नाहीत. शाकाहारी माणसाला सेलिगमनमध्ये ग्रिल्ड चीज सँडविचशिवाय काही मिळालं नाही, पण मी बटाट्याच्या भाजीचे पोळीरोल नेले होते. मामांनी अर्धा खाल्ला.

"ही गाडी आधी तुझ्या मामीला आवडली," ते म्हणाले. "मला व्हॅन घ्यायची होती. ती म्हणाली, सगळं गरजेपुरतंच घ्यायचं का?"

किंगमनमध्ये मेळाव्याच्या दिवसांत मोटेलचे भाव दुप्पट होतात, तेव्हा आधीच बुक करा. मेळावा रेल्वे रुळांजवळच्या मोकळ्या मैदानात होता. गाड्या सालवार लावलेल्या होत्या. मामा काठी टेकत एका टोकापासून निघाले आणि मला समजावत गेले.

पहिली पंचावन्नची, छोटीशी, दोनच सीटची. "ही ना रेसची, ना संसाराची. ज्याची त्याने मजेत चालवायची. पुढे त्यालाच पर्सनल लक्झरी म्हणायला लागले." अठ्ठावन्नला मागे दोन सीट आल्या. जुने चाहते चिडले, पण खप वाढला. एकसष्टची बंदुकीच्या गोळीसारखी. मग मामांच्या गाडीच्या पिढीतल्या. तिथे ते प्रत्येक गाडीच्या आत वाकून बघत होते. एका मालकाने आम्हाला मागचे लाल दिवे लावून दाखवले. वळायचा इशारा दिला की दिवे आतून बाहेर एकामागून एक पेटत जातात. मामा हसले. त्या दिवसातलं तेवढंच.

आमची गाडी त्या रांगेत नव्हती. मामा तरी पुढे चालत राहिले. सदुसष्टला चार दारांचीही निघाली. बहात्तरची तर पार्किंगच्या दोन जागा खाईल एवढी. "एवढं मोठं व्हायला काही कारणच नव्हतं," मामा म्हणाले. नंतर पेट्रोल महागलं आणि गाडी आकसत गेली. ऐंशीची खोक्यासारखी दिसत होती. तिच्याजवळ दोन म्हातारे अमेरिकन वाद घालत होते. "ही थंडरबर्ड नाहीच," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "माझ्या बायकोने तीस वर्षं चालवली. तिला सांग जाऊन." शेवटी दोन हजार दोनची, पुन्हा दोन सीटची, जुन्या चेहऱ्याची. तीही कंपनीने चारेक वर्षांत बनवायची बंद केली.

मैदानाच्या कडेला जुने पार्ट विकणारे ताडपत्र्या पसरून बसले होते. एका ताडपत्रीवर मागची गोलाकार सीट ठेवलेली होती. मामा तिच्यापाशी थांबले. रोहनने लहानपणी खेळण्यातल्या विमानाने ती फाडली होती आणि मामींनी कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने गोधडीसारखे टाके घातले होते. मामांनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"बाकीची गाडी कुठे आहे?" मी त्या माणसाला विचारलं.

"पार्टसाठीच घेतली होती. भाग सुटे करून विकले की जास्त पैसे मिळतात. दारं, काच, इंजिन सगळं गेलं." तो सरळ माणूस होता, काही लपवत नव्हता.

"इंजिन चालू होतं?" मामांनी विचारलं.

"पहिल्या झटक्यात सुरू झालं. कोणीतरी फार जपली होती."

मी सीट घेऊ म्हणालो. मामा म्हणाले, "नको. कशात लावणार?" आणि वळले.

मोटेलवर पोचताच त्यांनी रोहनला फोन लावला, स्पीकरवर.

"कलेक्टर नव्हता ना?"

रोहन म्हणाला, "डॅड, आय डिडन्ट वॉन्ट यू टु वरी. गाडी घरात असती तर तुम्ही परत ड्राइव्ह केली असती. तो माणूस लगेच न्यायला तयार होता."

"मला विचारलं असतंस तर मी विक म्हणालो असतो."

"नो, डॅड. यू वुडन्ट हॅव."

मामांनी फोन ठेवला. रविवारी आम्ही जुना रस्ता टाळून सरळ हायवेने परत आलो. वाटेत ते हवेबद्दल आणि माझ्या ग्रीन कार्डबद्दल बोलले.

ट्रिप कशी झाली, असं ऑफिसात विचारतात. रस्ता सुंदर आहे, जरूर जा, एवढंच मी सांगतो. रोहनला वाईट ठरवणं मला जमत नाही. मामांनी ती गाडी खरंच बाहेर काढली असती, आणि कदाचित कुणाला तरी उडवलं असतं. पण बापाला अंथरुणावर बघून त्याच्या वतीने सगळं ठरवून टाकणं आणि वर गोड खोटं बोलणं, हेही मला विसरता येत नाही.

दोन आठवड्यांनी रोहन आला. त्याच सालची, त्याच रंगाची, टेबलावर मावणारी गाडी घेऊन. ती त्याने खूप शोधून मिळवली असणार. मामांनी खोका दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "थँक यू."

आमच्या घरात बाप मुलाला थँक यू म्हणत नाही. रोहन अमेरिकेतच वाढला असला, तरी त्याला ते कळलं. तो बराच वेळ बूट न काढता दारातच उभा राहिला.