भर दुपारची भरती

ताई गेल्याचं मला घरच्या ग्रुपवरच्या मेसेजने कळलं. मी तुर्भ्याला ऑफिसात होतो. मेसेज काकांचा होता : ‘आमच्या घराण्याचा अभिमान, लेखिका विजयाताई यांचे दुःखद निधन.’ खरं सांगतो, आधी राग आला, रडू नंतर आलं. याच काकांनी तिच्या कादंबरीच्या प्रकाशनाला घरातल्या कुणालाही जाऊ दिलं नव्हतं. हिशेबात चूक नको म्हणून सांगतो, एक जण गेला होता. मी.

विजयाताई माझी चुलत बहीण. नेरूळच्या शाळेत मराठी शिकवून ती निवृत्त झाली आणि हिरूबायवर कादंबरी लिहायला बसली. हिरूबाय म्हणजे आमच्या पणजोबांची, गोमाजींची, सख्खी बहीण. कोपरखैरण्याला आज जिथे सेक्टर आहेत तिथे तेव्हा मिठागर होतं. गोमाजी तिथे मुकादम, हिरूबाय मजूर. तिच्याबद्दल पक्कं असं फार थोडं ठाऊक होतं. ठेकेदाराने गोड्या पाण्याच्या विहिरीवर बायकांना बंदी केली. त्या वर्षी होळीच्या दिवशी खाडीचं पाणी शिरून तयार मीठ बुडालं. आणि गोमाजींनी बहिणीला घराबाहेर काढलं. ती पुन्हा गावात दिसली नाही. घरात सांगायचे ते एवढंच, की हिरूबाय वेंधळी होती, तिच्याकडून उघाडी चुकून उघडी राहिली. उघाडी म्हणजे मिठागरात पाणी घ्यायचं फळ्यांचं दार.

ताईने त्यात आपली कल्पना घातली : हिरूबायने विहिरीसाठी ते मुद्दाम केलं. कच्चं लिखाण ती मला वाचायला द्यायची, कारण मी चुका काढतो. होळीचं प्रकरण तिने फार सुंदर लिहिलं होतं. सूर्य मावळतोय, गाव होळीभोवती जमलंय, लांबून बोंबा ऐकू येतायत आणि इकडे एकटी हिरूबाय अंधारात एकेक फळी उचलतेय...

“ताई, हे जमत नाही,” मी म्हणालो.

“काय जमत नाही?”

“पाणी. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. उधाण येणार भर दुपारी. मावळतीला खाडीत नुसता चिखल.”

“तू ऑफिसात लोकांची बिलं अडवतोस, ते पुरत नाही का? आता माझी होळी अडवलीस!” ती खरंच चिडली होती. मग तिने बोटांवर पाऊणपट मोजून पाहिली आणि एकदम म्हणाली, “अरे, म्हणजे तिने दिवसाढवळ्या केलं! सगळं मिठागर बघत असताना. आणि उधाणाच्या दिवशी उघाडी कुणी विसरतं का? शेंबडं पोरसुद्धा विसरत नाही.”

तिने ते सुंदर प्रकरण फाडलं. नव्यात ऊन आहे, माणसं उभी आहेत आणि बांधावर गोमाजी आहेत. बहिणीला फळ्या उचलताना त्यांनी पाहिलं आणि ठेकेदाराची बाजू घेऊन तिला हाकललं.

काका बिल्डर. त्यांच्या पहिल्या इमारतीचं नाव ‘गोमाजी सदन’. पुस्तकाचं कानावर गेलं तेव्हा त्यांनी आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं, थंडा मागवला.

“बाय, लिही तुला काय लिवायचा ते. पन म्हाताऱ्याचा नाव बदल. आनि हिरूबायचा पन. नायतं ‘चुकून झाला’ असा लिही. इषय संपला.”

ताई म्हणाली, “काका, गोमाजींचं नाव तुम्ही इमारतीवर लावलंय. हिरूबायचं कुठे आहे सांगा, मी तिथलं वाचून येते.”

काका माझ्याकडे वळले. “आनि भरतीचा गनित हिला तू शिकवलंस ना, शान्या?”

“गणित तुमच्याच वडिलांनी शिकवलं, काका,” मी म्हणालो. थंडा तसाच राहिला.

नावं तीच राहिली. पुस्तक आलं, गावातल्या बायकांनी ते हातोहात फिरवलं, घराने वाळीत टाकल्यासारखं केलं. ताईने त्याचं टेन्शन घेतलं नाही. शेवटच्या आजारपणातही तिने कुणाची माफी मागितली नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतायत. पुस्तकाचे हक्क ताईने माझ्या नावे केलेत. तेराव्याला मोठा फ्लेक्स लागला होता, त्यावर ताईचा फोटो, पण पुस्तकाचा शब्द नाही. जेवणं झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. “ती गेली, भांडान संपला. आता तरी पुस्तकातून म्हाताऱ्याचा नाव काढ रे, बाला.”

“काका, ती गेली म्हणूनच आता काढता येत नाही,” मी म्हणालो. “ती असती तर तिला विचारलं असतं.”

तिच्या नेरूळच्या घरात खिडकीजवळ वेताची खुर्ची आहे. ताई जी खुर्चीच्या हातांवर आडवी टाकून लिहायची, ती जाड फळी अजून तिथेच आहे. मिठाने पांढरी पडलेली, एका टोकाला दोराचं भोक असलेली. गावात मिठागर मोडलं तेव्हा ताईने उचलून आणली होती. मी सवयीने विचारलं होतं, “ही हिरूबायच्याच उघाडीची कशावरून?”

“नसेलही,” ती म्हणाली होती. “पण अशीच कुठली तरी तिने उचलली ना?”

काल त्या खुर्चीत बसून, त्याच फळीवर मी दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तपासली. छपाईच्या बारीकसारीक चुका होत्या, त्या काढल्या. दुपारच्या प्रकरणात हिरूबाय आणि गोमाजी, दोघांची नावं जिथल्या तिथे होती. तिथे मी पेन टेकवलं नाही.