कानबाईसाठी मागितलेल्या गोळ्या

त्या वर्षी मी कानबाईला हात जोडणं सोडलं होतं. घरात दिवा लागायचा, पण तो सासूबाई लावायच्या. मी देवघरासमोरून मान फिरवून जायची. आम्हा खानदेशातल्या बायांची ती आई. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते, सगळी भावकी जमते, रोटांचा नैवेद्य होतो, सोमवारी वाजतगाजत नदीवर निरोप देतात. माझी थोरली बहीण, अक्का, पारोळ्याला सासरची कानबाई मोठ्या हौसेनं करायची. तिची पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि ऐन श्रावणाच्या तोंडावर पुन्हा रक्त दिसू लागलं. पूजा चुकायला नको म्हणून ती जवळच्या एका दवाखान्यात गेली. बाहेर बसणाऱ्या माणसानं तिला आत जाऊच दिलं नाही. "या वयात होतं असं. आज गर्दी आहे. मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या घ्या," म्हणाला. गोळ्या घेऊन कानबाई पार पडली आणि अंथरुणाला खिळेपर्यंत अक्का पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नाही. गर्भपिशवीचा कॅन्सर कळला तेव्हा तो पोटभर पसरला होता. शेवटी शेवटी ती मला म्हणाली, "देवीचं तर सगळं नीट झालं ना गं." माझ्या अंगाची आग झाली. जिच्यापायी हिनं दुखणं दडवलं, तिला हिची एवढीही फिकीर नसावी?

मी स्वतः धुळ्यात, देवपूरला, एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. नंबर लावणं, फोन घेणं, पेशंटला आत सोडणं हे माझं काम. अक्का गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. दवाखान्यांत बाहेर बसणाऱ्या आमच्यासारख्या लोकांना कॅन्सरची लक्षणं माहीत असावीत म्हणून ते ठेवलं होतं. जळगावहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई शिकवत होत्या. तुम्ही रोग ओळखायचा नाही, औषध सुचवायचं नाही. फक्त अशी तक्रार कानावर आली की त्या माणसाला परत पाठवायचं नाही, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त आलं, तर ती पाळी समजायची नाही. थोडं आलं तरी तपासायलाच हवं."

मी उठून उभी राहिले. "हे आता सांगता? माझी बहीण मेल्यावर? तिला बाहेरच्या बाहेर हाकलणाऱ्याला कोणी का नाही शिकवलं?" बाईंनी माझी समजूत काढली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "उशीर झालाय, ताई. तुमच्या बहिणीसाठी माझ्याकडे उत्तर नाही." मी चहासुद्धा न घेता निघाले. रिक्षात बसून रडले आणि मनातल्या मनात कानबाईला नाही नाही ते बोलले. माणसाकडे उत्तर नाही हे मी समजू शकत होते. तिच्याकडेही नसावं, हे मला सहन होत नव्हतं.

मग श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दवाखाना लवकर बंद व्हायचा होता. डॉक्टर आपल्या गावी निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात साठीला टेकलेली एक बाई दारात आली. शिरपूरकडच्या खेड्यातली, देवपूरला लेकीकडे आलेली, हातात पूजेच्या सामानाची पिशवी. टेबलावर वाकून हळूच म्हणाली, "माय, खालनं मेडिकल बंद शे. माले त्या गोया लिखी दे ना, पाळी पुढे ढकलाना. सकाय घरमा कानबाई बसनार शे."

आमच्या खालचं मेडिकल दिवसा बंद असलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मालक कानबाईसाठीच गावी गेला होता. मी विचारलं, "मावशी, तुमची पाळी अजून येते?"

"कितलाक साल व्हयनात बंद व्हयेल. आते परत सुरू व्हयनं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा तेच! पुन्हा कानबाई, पुन्हा गोळ्या! मी म्हटलं, "गोळ्या मिळणार नाहीत. डॉक्टर आहेत आत, त्यांना दाखवा."

"नको व माय. पुरुषमाणूसले काय सांगू? ऱ्हाऊ दे, दुसरीकडे दखस." ती वळली. मी टेबलाला वळसा घालून तिचं मनगट धरलं. माझ्या बहिणीनं अशाच गोळ्या घेतल्या आणि ती गेली, हे मी तिला सांगितलं. ती घाबरली, पण भ्याली ती भलत्यालाच. "पूजा चुकनी तं कानबाई कोपी ना!"

"कोपू दे!" मी ओरडले. "कोपायचंच असेल तर माझ्यावर कोपू दे! माझं आणखी काय घेणार आहे ती?"

तो आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली, मावशींना आत नेऊन बसवलं आणि ओळखीच्या लेडी डॉक्टरला फोन लावला. "आत्ताच पाठवतोय," म्हणाले. मावशींच्या लेकीला बोलावून घेतलं. मी सोबत गेले. रिक्षात मावशी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. "मनी कानबाई बुडाडी तू," एवढंच बोलल्या. त्यांच्या हातची पूजा मी बुडवली होती, हे खरंच होतं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं. त्या वर्षी त्यांच्या घरची पूजा सुनेनं केली. नंतर तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला, पण पिशवीच्या आतच होता. जळगावला ऑपरेशन झालं. बाहेर कुठे पसरलेला नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

हे कळल्यावर मला आनंद झाला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आधी कानबाईचाच राग आला. हिला वाचवलंस, मग अक्काला का नाही? ती तुझी कोणी नव्हती?

पुढच्या श्रावणात मावशींनी लेकीकरवी मला कानबाईचं बोलावणं धाडलं. जायचं मनात नव्हतं, तरी गेले. नव्या लुगड्यात मावशी पूजेला बसल्या होत्या. पूजा आटोपल्यावर त्यांनी मला जवळ ओढलं. "माय, एक सांगू? कानबाई नही ऱ्हाती तं मी कोनलेच सांगती नही. घरमाच कुढत बसती. गोया मांगाले ऊनी, म्हनीसन तुले समजनं."

वर्षभर मी ज्या गोष्टीवर दात खात होते, तीच, पूजा चुकू नये ही धडपड, या बाईला घराबाहेर काढून माझ्या टेबलापर्यंत घेऊन आली होती. यात देवीचा हात होता की नाही, हे मी कोणाला पटवून देणार नाही. मला स्वतःलाही ते पूर्ण कळलेलं नाही. समोर नथ घातलेला, सजवलेला कानबाईचा नारळ होता. मी त्याच्यापुढे बसले. माझा राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. अक्काला का नाही, हे मी तिला तिथेही विचारलं आणि तिथेही उत्तर आलं नाही. मन निर्मळ झाल्याशिवाय शरण जाता येत नाही असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझं मन काही निर्मळ झालं नाही. जसं होतं तसंच, भांडणासकट, मी ते तिच्या पायाशी ठेवलं आणि डोकं टेकलं. बाजूला बाया गाणी म्हणत होत्या. किती तरी दिवसांनी माझ्या तोंडून शब्द निघाला, "आई." मग मावशींनी मला हाताला धरून उठवलं आणि जेवायला बसवलं.