धवल्यांची हार्ड डिस्क

उरणजवळच्या त्या गावात दिनानाथला लोक दगड म्हणू लागले होते. तोंडावर नव्हे, पण त्याच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. बायको गेली तेव्हा तो रडला नाही. दहाव्याला रडला नाही. तेराव्याला तर भात कमी शिजवला म्हणून त्याने आचाऱ्याला फैलावर घेतलं. आता त्याला नुसतं दुःखच झालं नव्हतं असं नाही, त्याला काहीच वाटत नव्हतं. जेवण गोड लागत नव्हतं आणि कडूही लागत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो ना, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

त्याची बायको सोनूबाई धवलारीण होती. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीला नवरीच्या पाटाशी बसून ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते आणि गात गातच सगळे विधी करवून घेते. सोनूबाईने गाऱ्हाणं घातल्याशिवाय हळद अंगाला लागत नाही, असं आजूबाजूच्या गावांतल्या बायका म्हणत. आणि आता तिच्याच मुलीचं, प्राप्तीचं लग्न ठरलं होतं.

"बाबा, मना दागिना नको," प्राप्ती म्हणाली. "माझे हलदीला आयचाच आवाज पायजे."

दिनानाथने मान डोलावली. मिठागरं गेली, बंदर आलं आणि मिठागरवाल्याचा हा पोरगा कंटेनर यार्डाच्या गेटवर सील तपासायला उभा राहिला. तिथूनच तो निवृत्त झाला. हाताला काम असलं की काही न वाटणं खपून जातं, हे त्याला माहीत होतं.

ज्यांच्या लग्नांत सोनूबाई गायली, त्यांच्याकडे फोटोग्राफरने दिलेल्या गाण्यांच्या सीड्या होत्या. त्याने दारोदार जाऊन त्या गोळा केल्या. खाऱ्या हवेने बऱ्याच सीड्यांना पांढरे डाग पडले होते. आणखी एखादा पावसाळा, की त्यांचा निकालच.

मग घरात निवडीचा घोळ सुरू झाला. त्याचा मुलगा विपुल ट्रेलरच्या धंद्यात. त्याला सगळंच उडत्या घाईत हवं.

"बाबा, क्लाउडवर टाक न. घरात डबं कशाला जमवतंस?"

"माल आपला न चावी दुसऱ्याकडं? न्हाय जमाचा."

त्याने दोन हार्ड डिस्क आणल्या. एक आपल्या कपाटात, एक विपुलच्या खोलीत, म्हणजे एक बसली तरी दुसरी राहील. दमट हवा लागू नये म्हणून औषधांच्या बाटल्यांतल्या त्या 'खाऊ नका'वाल्या पुड्या साठवून डिस्कच्या डब्यांत टाकल्या. सीडीवरून गाणी उतरवायचे प्रोग्राम विपुलने दोन दाखवले. पहिला चहा होईस्तोवर सीडी संपवायचा, पण जिथे ओरखडा असेल तिथे थातूरमातूर भरून पुढे पळायचा. दुसरा रडतखडत चालायचा. एकेक तुकडा पुन्हा वाचायचा, ताळा करायचा, जुळलं नाही की परत मागे. दिनानाथने दुसरा घेतला. गेटवर तो सीलसुद्धा एकदा बघून कधी सोडत नसे.

"एमपीथ्री कर, जागा कमी लागंल," विपुल म्हणाला. "कानाला फरक कलत पन न्हाय."

"तिचा आवाज दाबून भराचा न्हाय. फ्लॅकच कर, आख्खा आवाज ठेवनारा."

एवढं बोलूनही आवाजात ओलावा म्हणून नव्हता. कंटेनरात माल कसा रचायचा ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

मग तो रोज सकाळी बसू लागला. प्रोग्राम विचारी, कलाकार? तो एका बोटाने टाइप करी, सोनूबाई. अल्बम? नूतनची हळद. पुढच्या सीडीला, दमयंतीची हळद. कानाला लावलेल्या हेडफोनात बायको गात असे आणि तो पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत असे. पट्टी पूर्ण भरली की दुसरी सीडी.

हळदीच्या आदल्या दिवशी मंडपात स्पीकर लावून बघितला. आवाज असा काही खणखणीत आला की मांडव घालणारेही थबकले. सोनूबाई आळवत होती, नूतन बाय पाटावर बसली.

"बाबा," प्राप्ती म्हणाली, "यो त नूतनचा हाय."

त्याने दुसरा लावला, तो दमयंतीचा. तिसऱ्यात तिसरीच कोणी. धवल्यात नवरीचं नाव घालून गातात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिनानाथने तर ती नावं स्वतः टाइप केली होती, एकेक अक्षर बघून. कुठे ओरखडा राहिला नाही ना, एवढंच तो बघत बसला आणि आपल्या पोरीचं नाव कशातच नाही, हे त्याला दिसलं नाही.

विपुल म्हणाला, "नाव कापून प्राप्तीचा चिकटवू. आता कम्प्युटर कोनाचा पन आवाज काढतो."

"नको," प्राप्ती म्हणाली. "त्यो आयचा नसंल." आणि ती आत गेली.

दिनानाथने स्पीकर बंद केला. पोरीने एवढं एकच मागितलं होतं, तेही गेलं. हे त्याला कळत होतं, पण ते लांब कुठे तरी, शेजारच्या घरात काही झाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पाटाशी केसर येऊन बसली. सोनूबाईच्या जोडीला बसून तिची ओळ झेलणारी ही बाई, एकटीने कधी गायली नव्हती. धवल्यात आधी देवांना बोलावतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, की हळदीला या. ती नावं घरधन्याने सांगायची असतात.

"सांग, दादूस," केसर म्हणाली.

"तुकाराम, बापूस. गोदू, आय. सदा, भाऊस." यार्डात नंबर सांगायचा तसा तो सांगत गेला. मग म्हणाला, "बस."

केसर सुरू होईना. हातातले तांदूळ तिने हातातच धरून ठेवले.

"अजून कोन, दादूस?"

त्याने नावं बोटांवर पुन्हा मोजली.

"आमंत्रान न्हाय दिला त ती येल कशी?"

प्राप्ती पाटावरून त्याच्याकडे बघत होती. दिनानाथच्या सगळ्या अंगाला एकदम कळ आली.

"सोनूबाय," तो म्हणाला आणि भर मंडपात ओक्साबोक्शी रडू लागला.

केसरने तिच्या नावाने हाक घातली. बायकांनी ती ओळ उचलून धरली.