उजव्या डोळ्यासाठी वर्ध्याला

रोहण्याहून छोटी गाडी (अरुंद रुळांवरची आगगाडी) निघाली तेव्हा यांचं डोकं दुखत नव्हतं, म्हणून हे परत जाऊ म्हणाले. मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहिले. बाहेर वाळलेल्या पऱ्हाटीची (कपाशीची) वावरं होती, मधेच एखादा पळस.

दरवर्षी पळस फुलला की महिना-दीड महिना यांच्या उजव्या डोळ्यामागे दुखायचं. रोज, ठरल्या वेळी. अर्धशिशी समजून सासूबाईंनी दिवस उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊ घातली. दाढही काढून झाली. मी डोक्याला तेल लावायला गेले की हे हात झटकायचे. यांना मी नकोशी झाले, असं माझ्या मनात बसलं होतं.

पुलगावला मोठ्या गाडीची वाट पाहताना दुखणं आलं. हे फलाटावर येरझारा घालू लागले. उजवा डोळा लाल, पापणी उतरलेली, त्याच डोळ्यातून पाणी, नाकही त्याच बाजूचं गळत होतं. शेंगा विकणारी म्हातारी मला म्हणाली, "काऊन वं, काय बोल्ली त्याले? गाडीत बसाच्या आंधीच रडवलं." बाया हसल्या. मी पदर पुढे ओढला. दुखणं गेल्यावर यांनी तिच्याकडूनच शेंगा घेतल्या आणि गरम गरम माझ्या ओंजळीत घातल्या.

वर्ध्याच्या दवाखान्यात हे नुसतं "डोकं दुखते" म्हणाले. दुखताना अंधारात पडून राहता का, असं डॉक्टरांनी विचारलं. हे लाजून हो म्हणाले. परक्यापुढे माझं तोंड उघडत नाही, पण आता गप्प राहिले तर अर्धशिशीचीच गोळी मिळणार होती.

"पडत नाई जी ते. चालत राह्यते. भिंतीले डोकं हाणते. अन् म्या हात लावला तं झटकते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, ही अर्धशिशी नाही. तिच्यात माणूस निपचित पडतो, या दुखण्यात त्याला एका जागी बसवत नाही. "बाई, हात तुमचा आहे म्हणून झटकत नाहीत. त्या वेळी कोणाचाच सोसत नाही."

यांनी मान खाली घातली. "इले सांगाव वाटे," हळूच म्हणाले, "पण सांगता नाई ये."

यांना तिथे ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुखू लागताच नाकातोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. थोड्या वेळात चेहरा मोकळा झाला. पण ते सिलिंडर आमच्या गावी कुठून यायचं? म्हणून घरी घ्यायला स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या. आधी जास्त, मग सांगतील तशा कमी करायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि हा हंगाम सरेपर्यंत दारूला शिवायचं नाही. यावर हे माझ्याकडे न पाहता बरं म्हणाले.

वर्धा आमच्यापासून लांब नाही. तरी आम्ही तिथवर जाईपर्यंत किती वर्षांचे पळस फुलून गेले.

गोळ्या लागू पडायच्या आत घरी एकदा दुखलंच. मी अंगणातली बाज (खाट) उचलून भिंतीला उभी केली, यांना चालायला जागा झाली. आत जायला वळले, तर येरझारा घालता घालता हे म्हणाले, "जवळ नको येऊ. पण इथंच बस."

मी ओट्यावर बसले.